डाव्या हाताची दांडी

या पानावर आजवर मी शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणीची कागदपत्रे, रेशनकार्डावरची नावे अशा विषयांवर लिहीत आलो. कारकुनाची लेखणी ती, तिकडेच वळते. आज मात्र एका खेळाच्या साहित्याविषयी लिहायचे आहे. त्याचे नाव जॉयस्टिक. आमच्या घरात तिला दांडी म्हणतात. माझी आई तिला खलबत्त्यातला बत्ता म्हणते. अंतराळयान चालवण्याचे संगणकावरचे जे खेळ असतात, त्यांत यान वळवायला ही दांडी वापरतात. ती निवडताना मी एकदा पैसे घालवले. आणि पैशांपेक्षा मोठी, आठ वर्षांपूर्वीची एक चूक त्या निमित्ताने माझ्यासमोर आली. म्हणून लिहितो.

१६ जानेवारी २०२५ रोजी इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतली दोन याने अंतराळात एकमेकांना जोडली गेली. ३० डिसेंबर २०२४ ला ती सोडली होती. एकेकाचे वजन सुमारे २२० किलो. हे काम करणारा भारत चौथा देश ठरला. दूरदर्शनवर बातमी चालू होती आणि आमची धाकटी, तेव्हा आठवीत होती, ताट पुढ्यात तसेच ठेवून बघत बसली. मला म्हणाली, "पप्पा, हे चालवत कोण होतं?" मी म्हणालो, "आत कोणी नव्हतं, आपोआप झालं." तिचे समाधान झाले नाही. "पण माणसाला जमतं का?" आता बी. कॉम. झालेल्या बापाने यावर काय बोलावे? मी म्हटले, जमत असेल.

माझ्या पुतण्याला या गोष्टींतले कळते. आमच्याकडे कार्यालयाच्या लिलावातून घेतलेला जुना संगणक आहे. त्यावर त्याने ‘ऑर्बिटर’ नावाचा कार्यक्रम टाकून दिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मार्टिन श्वाइगर यांनी तो तयार केला आणि २००० साली लोकांसाठी खुला केला. एक पैसा पडत नाही. २०२१ पासून तर त्याची आतली मांडणीही सर्वांना उघडी आहे. यात मारामारी नाही, गुण नाहीत, बक्षीस नाही. यान आहे, पृथ्वी आहे आणि खरे गणित आहे. वर चारशे किलोमीटरवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरते आहे, त्याला जाऊन हळूच जुळायचे. जुळलात तर जुळलात, नाहीतर निघून गेलात. मुलीला हे इतके आवडले की तिने दांडी मागितली.

वाचकांना वाटेल, कळफलक असताना दांडी कशाला? मलाही तसेच वाटले होते. पण कळ ही एकतर दाबलेली असते किंवा सोडलेली. ‘थोडेसे’ हा प्रकार तिला माहीत नाही. दांडी जेवढी कलवाल तेवढेच यान वळते. विमानात हवा असते, ती विमानाला बरेचसे सावरते. अंतराळात हवा नाही. एकदा यान फिरायला लागले की दांडी सोडली तरी ते फिरतच राहते. थांबवायचे तर तेवढाच झटका उलट द्यावा लागतो. म्हणून अंतराळाच्या खेळात मोठ्या जोराच्या हालचाली फारशा नसतातच. सगळे काम दांडीच्या मध्याजवळच्या बोटभर जागेत चालते. ही गोष्ट मला आधी कळली असती तर माझे तेराशे रुपये वाचले असते.

एका रविवारी मी लॅमिंग्टन रोडला गेलो. बैठक रद्द झाली होती म्हणून वेळ होता. एका गाळ्यात जुन्या सामानात एक दांडी दिसली. काळी, लाल बटणे, उजव्या हाताच्या बोटांच्या खाचा पडलेल्या, अगदी लढाऊ विमानातली वाटावी अशी. बटणे मोजली, बारा भरली. दुकानदाराने तारेचे टोक दाखवले, यूएसबी आहे म्हणाला. आमच्या कॉलेजच्या दिवसांत, संगणक क्लासमध्ये, पंधरा टाचण्यांच्या रुंद खोबणीत बसणारी दांडी असायची; ती आजच्या संगणकाला लागत नाही, एवढे मला ठाऊक होते. एवढ्याच ज्ञानावर मी तेराशे मोजून दिले. संगणकाला लावून बघू का, हे विचारायची भीड वाटली. बाजारात भाजी घेताना आपण वांगे दाबून बघतो, आणि तेराशेची वस्तू मुकाट्याने पिशवीत टाकतो!

घरी आणून जोडली. यान सुटले आणि आपले आपण उजवीकडे कलंडू लागले. मुलगी दांडीला हातही लावत नव्हती. ती सावरायची, ते पुन्हा कलंडायचे. मी मागे उभा राहून म्हणत होतो, "नीट धर. लक्ष दे."

पुतण्या आला तेव्हा त्याने समजावून सांगितले. बऱ्याचशा स्वस्त दांड्यांत आत एक कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावर एक पातळ पत्र्याची जीभ घासत फिरते. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात हेच असायचे. वर्षानुवर्षे घासून पट्टी झिजते, धूळ बसते, मग आवाज वाढवताना रेडिओ कसा खरखरायचा? तसेच दांडीचे होते. दांडी मध्यावर उभी असते आणि संगणकाला वाटते, ती उजवीकडे कलली आहे. संगणकाचा दोष नाही, त्याला जे कळवले जाते तेच तो करतो. आमच्या कार्यालयातही तसेच आहे म्हणा!

यावर एक उपाय आहे, त्याला डेडझोन म्हणतात. मध्याभोवतीची थोडी जागा मेलेली धरायची, तिथली हालचाल संगणकाने मोजायचीच नाही. ऑर्बिटर सुरू करताना जी पहिली चौकट येते तिच्यात जॉयस्टिकचे एक पान असते, तिथे हा डेडझोन कमीजास्त करता येतो. आम्ही तो वाढवला. कलंडणे थांबले खरे, पण मी वर म्हटले तसे, अंतराळाच्या खेळाचे सगळे काम नेमके त्या मधल्या जागेतच असते. तीच मारून टाकल्यावर राहते काय? आता दांडी बरीच कलवावी लागे, आणि मग यान एकदम गरकन फिरे.

असे खऱ्या यानातही झालेले आहे, हे मुलीनेच मला शोधून सांगितले. १६ मार्च १९६६ रोजी जेमिनी ८ हे यान एका दुसऱ्या यानाला जोडले गेले. अंतराळातली ती पहिली जोडणी. आत नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट होते. थोड्या वेळात त्यांच्या यानाचा एक थ्रस्टर, म्हणजे वायू सोडून यान वळवणारी लहान नळी, चालूच राहिला. यान सेकंदाला जवळजवळ एक गिरकी घेऊ लागले. परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवलेले वेगळे थ्रस्टर वापरून आर्मस्ट्राँगने ते थांबवले आणि मोहीम आवरती घेऊन ते पृथ्वीवर परतले. मुलगी म्हणाली, "त्यांना कोणी म्हणालं नसेल, लक्ष दे म्हणून." मी गप्प बसलो.

तीन आठवडे असे गेले. एके रात्री वस्तीतली बैठक आटोपून मी साडेदहाच्या सुमारास घरी आलो. दार लोटलेलेच होते. मुलगी संगणकापुढे होती, तिला चाहूल लागली नाही. तिने दांडी टेबलाच्या डाव्या कडेला सरकवली होती आणि डाव्या हाताने धरली होती. उजव्या हातासाठी घडवलेली दांडी ती. तिच्या खाचा उलट्या बाजूला येत होत्या, अंगठा बटणावर पोचत नव्हता, मनगट वाकडे झाले होते. पण यान सरळ चालले होते. झिजलेल्या पट्टीची खोड तिच्या डाव्या हाताला जणू पाठ झाली होती. ते कलंडायच्या आतच ती हलकेच सावरत होती.

मी तसाच दारात उभा राहिलो. ती पहिलीत होती तेव्हाची गोष्ट मला आठवली. ती डाव्या हाताने पेन्सिल धरायची. आई म्हणायची, डाव्या हाताने भाकरी खाऊ नये, लोक काय म्हणतील. शाळेतून निरोप आला की अक्षर उलट्या बाजूने काढते, घरी सवय लावा. मी सवय लावली. रोज संध्याकाळी समोर बसवून पेन्सिल उजव्या हातात द्यायची, डावा हात मांडीखाली ठेवायला सांगायचा. मारले कधी नाही. पण ती रडत असे आणि मी पाटी पुढे सरकवत असे. तिची आई एकदोनदा म्हणाली, "अहो, राहू द्या ना, काय बिघडतंय?" मी ऐकले नाही. तेव्हापासून ती उजव्या हाताने लिहिते. अक्षर बरे आहे. पण पेपर कधी वेळेत पुरा होत नाही. उत्तर येत असते आणि घंटा होते. सहावी-सातवीत मी तिला यासाठी बोललो आहे. हळू लिहिते, आळशी आहे, असे शब्द वापरले आहेत. मुलींना त्यांच्या मनासारखे वाढू द्या, असे मी सभेत बोलतो, तेही चांगले अर्धा अर्धा तास.

त्या रात्री मी एवढेच विचारले, "डाव्या हाताने बरं जमतं का?" तिने चटकन दांडी उजवीकडे सरकवली. चोरी पकडली गेल्यासारखी. त्या सरकवण्याने मला जे वाटले ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दांडीचा अभ्यास सुरू केला. अर्ज भरण्यापूर्वी नियमपुस्तिका वाचावी तसा. त्यातले कामाचे तेवढे सांगतो, कारण आपल्याकडची अनेक मुले आता असले खेळ मागतात आणि आईबाप माझ्यासारखेच बटणे मोजून पैसे देतात.

बटणे मोजू नका, अक्ष मोजा. यान तीन तऱ्हांनी वळते : नाक वर-खाली, नाक डावी-उजवीकडे, आणि अंगाभोवती लोळणे. तितक्याच तीन तऱ्हांनी ते न वळता सरकते : पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली. एकूण सहा. विमानाला सरकण्यातले फक्त पुढे जाणे पुरते, अंतराळयानाला सहाही लागतात. साध्या दांडीत पुढे-मागे आणि डावे-उजवे हे दोन अक्ष असतात. मूठ पिळता येत असेल तर तिसरा. बुडाशी सरकपट्टी असेल तर इंजिनाचा जोर कमीजास्त करायला चौथा. उरलेले कळफलकावर. दोन दांड्या घेणारे लोक आहेत, पण ते आपल्या खिशाचे काम नव्हे. आणि आधी खेळ कोणता ते विचारा. १९८४ साली ब्रिटनमध्ये आलेला ‘एलिट’ किंवा त्याच वंशातला २०१४ चा ‘एलिट डेंजरस’, यांत दांडीला अर्थ आहे. २००३ चा ‘फ्रीलान्सर’ हा अंतराळाचाच खेळ, पण तो माउसवर चालवण्यासाठीच केलेला. त्यासाठी दांडी घेतली तर ती फडताळात पडून राहील.

मध्य पक्का हवा. त्यासाठी कार्बनच्या पट्टीऐवजी चुंबक वापरलेली दांडी मिळते. तिला हॉल सेन्सर म्हणतात. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली जो परिणाम शोधला त्यावर तो चालतो. दांडीबरोबर चुंबक हलतो आणि समोरचा लहानसा तुकडा त्याचे अंतर ओळखतो. कशाला काही घासत नाही, त्यामुळे झीज नाही.

आणि तिसरी गोष्ट, हात. बाजारातल्या बहुतेक दांड्या उजव्या हातासाठी घडवलेल्या. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो ही खूप खपलेली दांडी आहे, मूठ पिळता येते, सरकपट्टी आहे, पण घडण उजवीच. व्हीकेबी कंपनी ग्लॅडिएटर नावाच्या दांडीची खास डावी आवृत्ती काढते. ती परदेशातून मागवायची आणि किंमत ऐकूनच आम्ही उठलो. थ्रस्टमास्टरची टी-१६००० एम ही दांडी मात्र दोन्ही हातांची आहे. तिचा तळहाताचा टेकू आणि अंगठ्याजवळचा भाग काढून दुसऱ्या बाजूचे बसवता येतात. पुढे-मागे आणि डाव्या-उजव्या अक्षांना चुंबकाची सोय आहे. पिळण्याच्या अक्षाला नाही, तिथे जुनीच पट्टी. पण आम्हाला ते चालण्यासारखे होते.

ठाण्याला एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याकडे ती वापरलेली मिळाली. या वेळी मुलीला बरोबर नेले आणि भीड घरी ठेवली. त्याच्याच लॅपटॉपवर लावून बघितली. विंडोजमध्ये शोधायच्या जागी जे-ओ-वाय, मग टिंब, मग सी-पी-एल असे टंकले की दांड्यांची यादी येते. तिथे तपासणीच्या चौकटीत एक फुली दिसते. दांडी सावकाश गोल फिरवायची, फुली कुठे उडी मारते का बघायचे. मग चारी दिशांना पूर्ण नेऊन हलकेच सोडायची. प्रत्येक वेळी फुली त्याच जागी परत आली पाहिजे. मूठ पिळून बघायची, बटणे एकेक दाबायची, तार बुडाशी हलवून बघायची. मुलीने हे सर्व डाव्या हाताने केले. त्या विद्यार्थ्याने विचारले, "लेफ्टी का?" ती माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, "हो, लेफ्टी आहे." अठ्ठावीसशे रुपये दिले. ते कुठून आले हे तिच्या आईला माहीत आहे. माझा पावसाळी बूट त्या साली झाला नाही.

घरी मांडणीला एक दिवस गेला. यूएसबीची तार संगणकाच्या मागच्या बाजूला लावली, पुढची खोबण सैल झालेली आहे. काही दांड्या जोडताना जिथे असतात तोच मध्य धरतात, म्हणून जोडतेवेळी दांडीला हात लावायचा नाही हा घरचा नियम केला. दांडी हलकी असल्याने जोरात ओढली की बूड उचलले जाई. आईने तिचा बसायचा जुना पाट दिला. त्यावर दुहेरी चिकटपट्टीने दांडी बसवली आणि शेजारच्या सुतारमामांच्या क्लॅम्पने पाट टेबलाला आवळला. कोपर टेकलेले हवे, खांदा वर उचललेला नको. मुलीला टेबल उंच पडत होते, तिच्या खाली रजई घडी करून दिली. डेडझोन अगदी थोडा ठेवला.

आता सरकण्याचे तीन अक्ष. ऑर्बिटरमध्ये आकड्यांच्या कळांचा जो वेगळा चौकोन असतो त्याच्यावर बरेच काम चालते. तिथली तिरकी रेघ दाबली की थ्रस्टर यान वळवण्याऐवजी सरकवू लागतात, पुन्हा दाबली की पुन्हा वळवू लागतात. ५ दाबला की यानाचे फिरणे आपोआप थांबवले जाते. हा चौकोन कळफलकाच्या उजव्या टोकाला. उजव्या हाताने दांडी धरणाऱ्याला डावा हात अंगावरून पार तिकडे न्यावा लागतो. आमच्या मुलीची दांडी डावीकडे, तिचा उजवा हात मोकळा आणि आकडे बरोबर त्याच्याखाली! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुठलीतरी वस्तू तिच्या बाजूने मांडलेली निघाली.

आणि इथे बापाचा उपयोग झाला. ते आकडे हे माझे क्षेत्र. वीस वर्षे मी व्हाउचरच्या रकमा न बघता टाकतो आहे. ५ च्या कळेवर बारीक उंचवटा असतो, मधले बोट त्याच्यावर ठेवले की बाकीचे आकडे आपोआप कळतात. मी तिला जुन्या पासबुकातल्या रकमा वाचून दाखवायच्या आणि तिने पडद्याकडे बघत टाकायच्या, असा सराव आठ दिवस केला. (लॅपटॉप घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, लहान लॅपटॉपला हा चौकोन नसतो, वेगळा विकत मिळतो.)

एक फजिती सांगतो. दांडीच्या सरकपट्टीला इंजिनाचा जोर नेमून दिला होता. आदल्या दिवशी ती पूर्ण जोरावर राहिली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना दाखवायला म्हणून, यान स्थानकाला जोडलेले आहे अशा प्रसंगापासून खेळ उघडला. उघडताक्षणी इंजिन पेटले आणि सगळे स्थानक आमच्या यानासकट गरगरू लागले. मेव्हणे म्हणाले, "अरे, हे तर जत्रेतल्या पाळण्यासारखं!" जॉयस्टिकच्या पानावर यासाठी एक चौकट आहे. तिच्यात खूण केली की सुरुवातीला पट्टी कुठेही असो, तुम्ही ती हलवेपर्यंत दुर्लक्ष केले जाते. ही खूण आधी करा.

मे महिन्यात एका दुपारी ती स्थानकाला जुळली. मी घरी होतो. शेवटचे पन्नास मीटर तिला सव्वातीन मिनिटांवर लागले. डावा हात दांडीवर इतका कमी हलत होता की मला तो हलतो आहे हे दिसत नव्हते. उजव्या हाताची बोटे आकड्यांवर, टक, टक, मध्येच तिरकी रेघ, पुन्हा टक. वेग कमी करत करत तिने सेकंदाला दहा सेंटिमीटरवर आणला. स्पेडेक्सची याने तर सेकंदाला दहा मिलिमीटर अशा बेताने एकमेकांजवळ आणायची होती, हे तिनेच मला सांगितले. जुळल्यावर ती ओरडली नाही. हात दोन्ही काढून मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे बघत राहिली.

पुढे जूनमध्ये शुभांशु शुक्ला ज्या ड्रॅगन यानातून स्थानकावर गेले, त्यात दांडी नाही, काचेच्या पडद्यावर बोटाने काम चालते. अपोलोत आणि सोयुझमध्ये दोन मुठी, उजवी वळवायची आणि डावी सरकवायची. मुलीला वाटले, म्हणजे आपली मांडणी उलटीच. मग तिला एअरबसच्या ए-३२० विमानाची माहिती मिळाली. १९८८ पासून ते प्रवासी सेवेत आहे. त्यात मुख्य वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो आणि त्याची दांडी त्याच्या डाव्या हाताला असते. म्हणजे जगातले हजारो उजवे वैमानिक रोज डाव्या हाताने विमान उडवतात. हे तिने आजीला चार वेळा ऐकवले. आजी म्हणाली, "उडव बाई, पण भाकरी उजव्यानं खा."

त्या उन्हाळ्यात ती रोज एक पान डाव्या हाताने लिहू लागली. अक्षर पहिलीतल्या मुलासारखे. मी शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटलो, त्यांनी काही हरकत घेतली नाही. कुठल्या हाताने लिहायचे ते तू ठरव, असे मी तिला सांगितले. तिने विचारले, "आधी का नाही सांगितलं?" मी म्हणालो, "चुकलं माझं." नववीत गेल्यावरही परीक्षेचा पेपर ती उजव्या हाताने लिहीत होती, डाव्याला अजून तो वेग नव्हता आणि उजव्याला पूर्वीही नव्हताच. गणिताचे कच्चे काम तेवढे डाव्याने करू लागली. आठ वर्षांचे वळण आठ महिन्यांत जात नाही.

पहिल्या दांडीचे काय झाले ते राहिले. पुतण्याने ती उघडून आतली पट्टी विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या काँटॅक्ट क्लीनरने साफ केली. कलंडणे बरेच कमी झाले. विमानाच्या खेळाला चालेल असे वाटून ती खालच्या मजल्यावरच्या मुलाला द्यायचे ठरले. तो चौथीत आहे. दांडी बघून त्याचे डोळे चमकले, त्याने दोन्ही हात पुढे केले. मुलीने दांडी मागे घेतली.

"आधी सांग, भाकरी कुठल्या हातानं खातोस?"

"उजव्या."

"आणि चेंडू कुठल्या हातानं फेकतोस?"

तो जरा गोंधळला. मग त्याने डावा हात वर केला.

"थांब मग," ती म्हणाली, आणि त्याला टेबलाच्या डाव्या बाजूला माझ्या खुर्चीवर बसवून तिने पाटावरचा क्लॅम्प सैल करायला घेतला.